पाचवा वाफा

मीठ चौकोनी धरतं.
शिरोड्याच्या आगरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
त्या वर्षी होळीनंतर पाचव्या वाफ्यात
ते सात कोनांचं धरलं.

मी काट्यावर होतो. वजन, गोणी, सही.
कोन मोजायचा रकाना माझ्या वहीत नव्हता.
आनशीबाय आरोसकरीण फळी टाकून वाकली,
चिमूटभर जिभेवर ठेवून गप्प राहिली,
मग म्हणाली,
"खारट आसा रे. पण एकटा लागता."

पुढचं हळूहळू कळत गेलं, भर दुपारी,
कारण ते दुपारीच बोलायचं,
पाणी आटायला लागलं की.
आवाज नाही. वाफ्याच्या कडेला पांढरी रेघ उठायची,
वळायची, मोडायची,
आणि बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटून
त्या पाण्यात अर्थ उतरायचा.
मनवेल म्हणाला, मला फेणीनेही असं होतं.
पण फेणीत त्याला दोन सूर्य कधी दिसले नव्हते.

त्यांचा समुद्र गुडघाभर.
जगभर एकच, आणि रोज आटणारा.
आटला की ते असत, भरला की नसत.
मरणाला त्यांच्यात भरती म्हणत,
रोजचीच ती, तिला कोण रडणार.
दुसऱ्या दुपारी पुन्हा धरायचे, त्याच कोनांत,
कालचं भांडण थांबलं होतं तिथून पुढे.

मग एक सूर्य निवला.
पाणी आटेना.
कोरडे होते तेवढे दगडांच्या पोटात बसून निघाले
आटणाऱ्या पाण्याच्या शोधात.
किती निघाले हे सांगताना रेघ वाफाभर फिरली.
किती पोचले हे सांगताना
उठलीच नाही.

वेळागरासमोर खोल पाण्यात पडले बाकीचे.
एवढा समुद्र बघून त्यांना आधी आनंद झाला म्हणे.
हा आटत नाही, हे कुणी सांगायचं?
हे एक तेवढं उधाणाबरोबर
खाडीतून, बांधाच्या दारातून, आमच्या वाफ्यात आलं.

आनशीबायने वाफ्याला फळी लावू दिली नाही.
डोक्यावर पदर घेऊन उन्हात बसायची,
बांगड्याचा भाव सांगायची, जमिनीची केस सांगायची,
दिराने कुंपण कसं दोन हात आत सरकवलं ते सांगायची.
ते तिच्या बाजूने भांडायचं.
हे मी पाहिलंय. रेघ तडतडायची.

मे अखेर मालकाने हिशेब मागितला.
चार वाफ्यांचं मीठ आलं, पाचव्याचं कुठाय?
त्या दिवशी बाय कोर्टात, सावंतवाडीला.
गोणी नंबर एकशे सव्वीस, अठ्ठेचाळीस किलो.
सही माझी.

नंतर पणजीहून दोघं जण आले, डब्या आणि चिमटे घेऊन.
रिकामा वाफा बघून त्यांनी कागदावर लिहिलं, नामशेष.
मी विचारलं, म्हणजे नाव तेवढं शिल्लक, असंच ना?
हो, म्हणाले. काय होतं नाव?

तीन महिने आम्ही त्याच्याशी बोललो.
बांगड्याचा भाव सांगितला.
नाव विचारायचं राहिलं.

गोणी फुटली ती तालुकाभर.
खाऱ्या बांगड्यात गेली, लोणच्यात गेली,
आजाऱ्याच्या पेजेत गेली.
आता कधी भर जेवणात कुणीतरी हात थांबवतो,
वर बघतो,
जणू एक भांडण अर्ध्यावर राहिलंय
आणि समोरचा अजून यायचाय.
मग ताक वाढतात. विषय बदलतो.

खाल्ल्या मिठाला जागावं, असं म्हणतात.
आनशीबाय केस जिंकली, माझ्याशी बोलत नाही.
मी पडवीत परात मांडतो, खाडीचं पाणी ओततो,
आणि दुपारचा झोपत नाही.
कडेला मीठ धरतं.
कोन मोजतो.
चार.